रॅरिटनच्या उत्तर तीरावर

हरतालिकेच्या रात्री साडेनऊला मुलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी मखराच्या मागे आडवा होऊन दिव्यांच्या माळेची पिन चाचपत होतो. आमचा गणपती बुधवारी, २७ ऑगस्टला. तिचा मात्र मंगळवारीच. चतुर्थी आमच्याकडे मंगळवारी दुपारी लागली आणि बुधवारी दुपारी संपणार होती, त्यामुळे भर दुपारची चतुर्थी न्यू जर्सीच्या वाट्याला एक दिवस आधी आली. इकडे बायको हरतालिकेचा कडक उपास धरून बसलेली आणि तिकडे त्याच घटकेला मुलीच्या पाटावर वीतभर शाडूचा गणपती. गुरुजी म्हणजे फोनवरचं रेकॉर्डिंग. जावयाने नेमकं संकल्पाशी ते थांबवलं होतं. "बाबा, हे म्हणतायत जंबुद्वीपे भरतवर्षे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे. आम्ही एडिसनमध्ये आहोत. हातात पाणी घेऊन खोटं कसं बोलू?" मी माळ सोडली आणि उठून बसलो. म्हटलं, थांब, बदलूया. तिकडचे काही गुरुजी क्रौंचद्वीपे म्हणतात हे मी ऐकून होतो, तेव्हा द्वीपाचा प्रश्न सुटला. नदी कोणती? तिने नकाशा उघडला. रॅरिटन. गाव नदीच्या कुठल्या अंगाला? उत्तरेला. मग मी, ज्याचं संस्कृत अकरावीतच सुटलं, ते षष्ठी विभक्ती जुळवून मोठ्या गंभीरपणे सांगितलं: "रॅरिटन्याः उत्तरे तीरे. आणि सौम्यवासरे नको म्हणू, तुझा आज मंगळवार आहे. भौमवासरे म्हण." जावई हसला. ती हसली नाही. तिने सगळं नीट म्हटलं आणि हातावरचं पाणी ताम्हनात सोडलं. पाण्याचा आवाज बारा हजार किलोमीटरवरून स्वच्छ ऐकू आला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते खुपायला लागलं. एकतीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. देव आहे का असं कुणी सरळ विचारलं की मी चष्मा पुसायला लागतो. आणि त्याच देवाकडे जाणाऱ्या निरोपावरचा पत्ता चुकू नये म्हणून मी केवढा कासावीस झालो होतो. वार चुकला असता, नदी चुकली असती, तर नक्की काय बिघडलं असतं? कुणाकडे पोचायचं राहिलं असतं?

पत्त्याचं वेड माझं नाही, अण्णांचं. ते आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टर होते. रात्रीच्या मेलच्या डब्यात उभं राहून पत्रं लावायची. समोर लाकडी खणांची चौकट, एकेका खणाला एकेक गाव, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा आणि उजवा हात चालू. घरी कुणी पाहुणा आला की अण्णा बसल्या जागी बोटांनी हवेत खण मोजताना दिसत. त्यांनी मला एक गोष्ट लहानपणीच सांगितली होती. लिहिणारा पत्ता वरून खाली लिहितो: नाव, घर, पेठ, गाव. सॉर्टर तो खालून वर वाचतो. आधी राज्य, मग गाव, मग पेठ, आणि नावाशी तर त्याला काही देणंघेणंच नाही, ते पोस्टमन बघून घेईल. १९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड आला तेव्हा अण्णांना कोण आनंद. ती सहा आकडी कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, हे ते येईल त्याला सांगत, कारण वेलणकर टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि शिवाय संस्कृतात नाटकं लिहिणारे पंडित. "संस्कृत येणाऱ्यालाच सुचणार हे," अण्णा म्हणत. मला ते तेव्हा उगाच वाटायचं. आता संकल्प ऐकताना वाटत नाही. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, त्यात श्वेतवाराह कल्प, त्यात वैवस्वत मन्वंतर, त्यात अठ्ठाविसावं युग, त्यात कलियुगाचा पहिला चरण, मग द्वीप, वर्ष, खंड, नदी, तीर, विश्वावसु संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, आणि सगळ्यात शेवटी गोत्र नि नाव. अख्ख्या विश्वापासून निघून पाटावर मांडी घालून बसलेल्या एका माणसाशी येऊन थांबणारा पत्ता. सॉर्टर वाचतो तसा, खालून वर.

वर्गात मात्र माझी पंचाईत उलटी असायची. विश्वाच्या उत्पत्तीचा विषय अभ्यासक्रमात जेमतेम, पण तास संपायला दहा मिनिटं उरली की कुणीतरी विचारायचंच: सर, बिग बँग कुठे झाला? मुलांच्या डोळ्यांसमोर दिवाळीतला सुतळी बॉम्ब. काळोखी पोकळी, मध्यावर ठिणगी, धडाम, आणि तुकडे चहूकडे. मी सांगायचो, स्फोट कुठेतरी झाला आणि आपण त्याच्यापासून लांब आहोत असं नाहीये. जागाच ताणली गेली. म्हणून तो इथे झाला. या बाकाखाली झाला, कॅन्टीनच्या वडापाववाल्या काउंटरवर झाला, आणि सगळ्यात लांबच्या दीर्घिकेतही झाला. विश्वाला मध्य नाही, तेव्हा पत्ता विचारून उपयोग नाही. मुलं हसायची, पटल्यासारखं करायची, आणि मग दुसरा ठरलेला प्रश्न यायचा: त्याच्या आधी काय होतं? त्याला मी हॉकिंग यांची उपमा द्यायचो. काळच तिथून सुरू झाला असेल तर आधी काय हे विचारणं म्हणजे उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय असं विचारणं. बेल व्हायची. उपमा इतकी चपखल आहे की पोरं गप्प होतात. पण गप्प होणं आणि समजणं यातला फरक शिक्षकाला फळ्याकडे पाठ असतानाही कळतो. खरं सांगायचं तर मीही त्या उपमेने गप्पच झालो होतो. तिचं भौतिकशास्त्र मला येत होतं, तरी रात्री गच्चीवर आडवं पडलं की आधी काय होतं हा प्रश्न होता तिथेच असायचा.

आणि तरी मी देव्हाऱ्यापुढे उभा राहायचो. रोज नाही, पण राहायचो. आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला आमचा लॅब असिस्टंट सगळी उपकरणं टेबलावर मांडायचा. स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीवर झेंडूचं फूल, गॅल्व्हानोमीटरच्या काचेवर हळदकुंकवाचं बोट, सोडियमच्या दिव्यापुढे पेढा. दोन दिवसांनी मुलं न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग करायला बसली की सूक्ष्मदर्शकातून त्या अंधाऱ्या-उजळ कड्यांच्या मधोमध कुंकवाचा एखादा कण दिसायचा, चांगला विटेएवढा. मी लेन्स पुसून घ्यायचो. रागवायचो नाही. एका वर्षी नवीन आलेल्या सहकाऱ्याने हे बंद करायचा ठराव आणला, आणि त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. मी त्याच्या बाजूने हात वर केला नाही, विरोधातही केला नाही. चष्मा पुसत बसलो. ठराव बारगळला. त्या असिस्टंटइतकं जपून स्पेक्ट्रोमीटर हाताळणारा माणूस आमच्याकडे दुसरा नव्हता, एवढं मला म्हणता आलं असतं. पण तो मुद्दा नव्हे, हेही मला माहीत होतं.

रास्ता पेठेतल्या आमच्या चाळीत टीव्ही होता एकाच घरात. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. टीव्हीला हार, पुढे उदबत्ती, आजीबाई पदर सावरून हात जोडलेल्या, आणि मी गच्चीवर अँटेनाचा दांडा धरून सिंहगडाकडे तोंड करून उभा. खालून आरोळी यायची, "अरे मुंग्या आल्या, मुंग्या!" मी दांडा फिरवायचो. "गेल्या! राहू दे!" पुन्हा वारा, पुन्हा मुंग्या. त्या वर्षी मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि त्या मुंग्या काय असतात ते मला नुकतंच कळलं होतं. कुठलंच प्रक्षेपण पकडलं जात नाही तेव्हा पडद्यावर जी खसखस उधळते तिचा फार थोडा भाग, साधारण शंभरातला एक ठिपका, विश्वाच्या बालपणीचा असतो. विश्व पावणेचार-चार लाख वर्षांचं असताना जो प्रकाश पहिल्यांदा मोकळा झाला, तो सुमारे १३८० कोटी वर्षं चालत, थंडावत, ताणला जाऊन सूक्ष्मलहरी होऊन आमच्या चाळीच्या अँटेनावर उतरत होता. आणि खोलीतले पन्नास लोक तो जावा नि वनवासातले राम-लक्ष्मण दिसावेत म्हणून देवाचा धावा करत होते. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अँटेना धरायला दुसरा मुलगा पाठवला असता.

अण्णांना सांगितलं, पण बऱ्याच वर्षांनी. ते निवृत्त झाले होते, दुपारी खाटेवर पडून विचारायचे, "तुझ्या त्या स्फोटाचा आवाज कुणी ऐकला?" मी त्यांना न्यू जर्सीतल्या होल्मडेलची गोष्ट सांगितली. १९६४ साली बेल लॅब्जच्या दोन जणांनी, पेन्झियास आणि विल्सन यांनी, कर्ण्यासारखी भली मोठी अँटेना आकाशाकडे लावली आणि त्यांना एक सूक्ष्म खरखर जाईना. न्यूयॉर्ककडे तोंड करा, आहे. उलट फिरवा, आहे. दिवसा आहे, रात्री आहे, उन्हाळ्यात आहे, हिवाळ्यात आहे. कर्ण्याच्या आत कबुतरांची जोडी राहत होती आणि तिने आतून पांढरा थर दिला होता. त्यांना वाटलं हाच गुन्हेगार. कबुतरं पकडून कंपनीच्या टपालातून दुसऱ्या गावी पाठवली. थोड्या दिवसांत ती परत. इथे अण्णा खदखदून हसले. टपालाने पाठवलेली कबुतरं परत येतात ही त्यांच्या आयुष्यभराच्या नोकरीतली सगळ्यात आवडती हकीकत ठरली. पुढे ती कबुतरं मारली हे मी त्यांना सांगितलं नाही. कर्णा घासूनपुसून लख्ख केला तरी खरखर राहिली. तोच विश्वाच्या बालपणीचा प्रकाश, निरपेक्ष शून्याच्या (त्याहून थंड काही नसतं) वर साडेतीन अंश, सगळीकडून सारखाच. आज अधिक नेमका आकडा २.७ आहे. अण्णा जरा वेळ छताकडे बघत राहिले. म्हणाले, "सगळीकडून सारखंच येतंय म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता नाही." मग म्हणाले, "असलं टपाल आम्ही शेवटच्या खणात ठेवायचो. फाडायचं नाही." आणि कुशीवर वळले. मुलीचं आत्ताचं घर त्या होल्मडेलपासून गाडीने अर्ध्या तासावर आहे.

असा शेवटचा खण आपल्या टेबलावर ठेवलेला आणखी एक माणूस मला भेटला तो वाचनात. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा, धर्माने नेमलेला कॅथलिक पाद्री आणि धंद्याने गणिती. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ मध्ये समीकरणांतून दाखवलं. आइन्स्टाइन त्याला म्हणाले होते, गणित ठीक आहे पण भौतिकशास्त्र भयंकर आहे. १९३१ मध्ये त्याने 'नेचर'ला एक पानभराचं टिपण पाठवलं: मागे मागे गेलं तर सगळं एका क्वांटममध्ये, एका आदिम अणूत, येऊन ठेपतं. त्या टिपणाचा टाइप केलेला कागद उपलब्ध आहे आणि त्याच्या शेवटी एक परिच्छेद आहे. देव मुळातच दडलेला असतो असं मानणाऱ्याला, आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या आरंभावर कसा पडदा टाकतं हे पाहून आनंदच होईल, अशा अर्थाचा. आणि तो परिच्छेद त्याने खोडलाय. छापील टिपणात तो नाही. मी त्या खोडलेल्या ओळींवर फार वेळ अडकलो होतो. लिहिल्या म्हणजे मनात होत्या. खोडल्या म्हणजे त्या मनातून गेल्या असं थोडंच आहे? आणि वीस वर्षांनी गंमत बघा. १९५१ च्या नोव्हेंबरात खुद्द पोप बारावे पायस यांनी भाषणात जाहीर केलं की विज्ञानाने 'प्रकाश होवो' या आदिवचनाची साक्षच दिली आहे. कुणालाही वाटेल, पाद्रीबुवा पेढे वाटतील. लमेत्र अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं, माझा सिद्धांत श्रद्धाळूंचा नाही आणि नास्तिकांचाही नाही. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले तेव्हा पोपनी तो जोड टाळला. लमेत्र सकाळी प्रार्थना म्हणायचा आणि मग गणित करायचा. दोन खण. एकातलं पत्र दुसऱ्यात नाही.

याच्या समोर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. 'बिग बँग' हे नाव त्यांचं, १९४९ मध्ये रेडिओवरच्या भाषणात त्यांनी वापरलेलं, आणि त्यांना तो सिद्धांत मुळीच मान्य नव्हता. विश्वाला आरंभ आहे म्हटलं की मागच्या दाराने निर्माता आत येतो, असा नास्तिक हॉइलना वास यायचा. म्हणजे पाद्री म्हणतोय आरंभ आहे पण त्यात देव घालू नका, आणि नास्तिक म्हणतोय आरंभच नको कारण त्यात देव शिरेल. पुढे कार्बनचा अणू ताऱ्यात कसा शिजतो याचं कोडं हॉइलनीच सोडवलं, तेव्हा जिच्याशिवाय कार्बन जवळजवळ बनलाच नसता ती अणुकेंद्रातली नेमकी ऊर्जापातळी पाहून आपण डळमळलो असं तेच सांगत. कुणा महाबुद्धीने इथे हात फिरवलाय की काय, असं त्यांना वाटून गेलं. मला हा प्रसंग देवाच्या बाजूचा पुरावा वाटत नाही. एका कट्टर माणसाची तारांबळ म्हणून मात्र फार आवडतो.

आणि हॉइलच्या शेजारी आमचे नारळीकर. कोल्हापुरात जन्मलेले, वडील गणिती, आई संस्कृतच्या विदुषी. केंब्रिजला हॉइलबरोबर काम करून पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि सगळं जग बिग बँगकडे गेलं तरी शेवटपर्यंत ते तिकडे गेले नाहीत. एकच एक आरंभ ही गोष्ट त्यांच्या गळी उतरली नाही. द्रव्य एकदाच कुठून तरी येऊन पडलं असं म्हणण्यापेक्षा ते लहान लहान प्रसंगांतून पुन्हा पुन्हा जन्मतं असं गणित त्यांनी मांडलं. मी वर्गात बिग बँगच शिकवला, पुरावा तिकडेच झुकतो असं मला आजही वाटतं. पण आपल्या गावातला एक माणूस सभ्य आवाजात, एकटा पडूनही, 'मला हे पटलेलं नाही' म्हणत राहतो याचा आधार वाटायचा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला मी मुलांना आयुकात न्यायचो. मुलं सही मागायची आणि नारळीकर सही द्यायचे नाहीत. म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. एका वर्षी परत आल्यावर आमच्या अकरावीतल्या एका मुलाने कार्ड लिहिलं आणि पोस्टात टाकण्याआधी मला दाखवायला आणलं. बॉलपेनने, मोठ्या अक्षरात, एकच ओळ होती: सर, तुम्हाला देव आहे असं वाटतं का?

मी म्हटलं, अरे, असलं त्यांना काय विचारायचं? ते शास्त्रज्ञ आहेत. काहीतरी अभ्यासाचं विचार. तो पडलेल्या चेहऱ्याने गेला आणि दुसरं कार्ड लिहून आला. रात्री आकाश काळं का दिसतं, असं काहीतरी. प्रश्न चांगला होता. मी त्याला तसं म्हणालोही. पहिलं कार्ड त्याने माझ्यासमोर दोन तुकडे करून डस्टरच्या खोक्यात टाकलं. २०२५ च्या २० मे रोजी सकाळी नारळीकर गेल्याची बातमी आली तेव्हा पहिली आठवण झाली ती त्या दोन तुकड्यांची. त्यांचं पुस्तक नव्हे, सिद्धांत नव्हे, आयुकातला, पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फूकोचा लंबकही नव्हे. त्यांनी त्या पोराला काय लिहिलं असतं याचा मी अंदाज करून पाहतो आणि मला काही म्हणता काही सुचत नाही. कारण तो प्रश्न त्या मुलाने मलाही कधी विचारला नाही, आणि त्याचं कारण उघड आहे.

आता यावर एक सोपा तोडगा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर आठवड्याला येतो. आमच्या ऋषींना सगळं माहीत होतं. पुरावा म्हणून एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणजे जवळजवळ जुळलंच की! मी एकदा न राहवून उत्तर लिहिलं. म्हटलं, ४३२ कोटी ही कल्पाची एकूण लांबी आहे, झालेली वर्षं नव्हेत. घरचंच पंचांग उघडा, सृष्टी उत्पन्न झाल्याला १,९५,५८,८५,१२६ वर्षं झाली असं त्यात दिलंय. हे पृथ्वीशी जुळत नाही आणि विश्वाच्या १३८० कोटींशी तर अजिबात नाही. ग्रुपवर दोन दिवस शांतता, मग कुणीतरी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवलं. या लोकांचा मला राग यायचा तो बाजू चुकीची म्हणून नाही. हे विज्ञान आणि देव यांची पत्रिका जुळवायला बसतात, आणि गुण कमी पडले की पत्रिकाच दुरुस्त करतात. (नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या पत्रिका घेऊन ज्योतिषांची चाचणी केली होती, बरोबर उत्तरं ४६ टक्के, नाणेफेकीहून जरा कमीच.) या जुळवाजुळवीत त्या जुन्या हिशोबाची खरी मौज कुणाला दिसतच नाही. सूर्यसिद्धांत कल्पाच्या गेलेल्या वर्षांतून १,७०,६४,००० वर्षं वजा करायला सांगतो. का? तर ब्रह्मदेवाला सृष्टी मांडायला तेवढा वेळ लागला. कुणीतरी बसून देवाच्या मांडामांडीचाही वेळ धरला, आणि तो आकडेमोडीतून इमानाने कापला! मी तीन दिवस मखराशी झटतोय, मला हे फार जवळचं वाटतं. इथे ऋग्वेदातलं, सृष्टीच्या आरंभाविषयीचं नासदीय सूक्त काढायचा मोह होतोय, पण या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण ते काढतो, म्हणून राहू दे.

बुधवारी आमच्याकडे गुरुजी आले. दिवसातलं त्यांचं अकरावं घर, आवाज बसलेला. मूर्ती आदल्या शनिवारी मीच आणली होती, मांडीवर धरून रिक्षातून, साडेतीन किलो. चार दिवस ती कपाटावर होती आणि घरात बोलणं असं: मूर्तीवरचा रुमाल सरला, मूर्ती जरा आत सरकवा, मूर्तीच्या सोंडेला पोपडा आलाय का बघा. गुरुजींनी दूर्वेने तुपाचं बोट डोळ्यांना लावलं, मला मूर्तीच्या छातीवर हात ठेवायला सांगितलं, आणि प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले. शाडू गार होता, किंचित दमट. माझ्या हाताखाली काहीही बदललं नाही, हे मी शपथेवर सांगेन. वजन तेवढंच, तापमान तेवढंच. पण पाच मिनिटांनी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, गणपतीला उन्हाची तिरीप लागतेय, पडदा ओढा." मी झटकन उठून पडदा ओढला. कधी बदललं ते? मला मंत्रांच्या आधीचा क्षण माहीत आहे आणि नंतरचा. मधला कुठे होता ते सापडत नाही. शिवाय मला हेही दिसतंय की दीड, पाच किंवा दहा दिवसांनी याच मातीला आम्ही पुन्हा येण्याचं निमंत्रण देऊन पाण्यात सोडणार आणि बादलीच्या तळाशी उरलेला गाळ तुळशीत घालणार. तेव्हाही हात थोडा थरथरतो. फिजिक्सच्या मास्तराचा हात.

संध्याकाळी साडेपाचला, आरतीच्या ताटात मी वाती लावत असताना, पुन्हा मुलीचा कॉल. तिच्याकडे सकाळचे आठ वाजलेले. तिचा दीड दिवसाचा, ऑफिसला जायच्या आधी उत्तरपूजा उरकायची होती, विसर्जन संध्याकाळी मागच्या अंगणात बादलीत. मागे जावई चाव्या शोधत फिरत होता. तिने दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवला, अक्षता वाहिल्या, रेकॉर्डिंग पुढे सरकलं आणि ती पुन्हा थांबली. उत्तरपूजेनंतर मूर्ती उत्तरेकडे किंचित सरकवायची असते. तिने फोनवरचं होकायंत्र उघडलं आणि कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलं. इंजिनिअर आहे ती, आणि माझी विद्यार्थिनीही होती. "बाबा, इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत बारा-साडेबारा अंशांचा फरक पडतो. कुठली धरू?"

बायको हातातलं निरांजन तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"खरी," मी म्हटलं. "सेटिंगमध्ये जा, तिथे बदलता येतं."